रे रोडची उधारीची भाकर

मुंबईच्या हार्बर मार्गावर रे रोड नावाचे स्टेशन आहे. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे ते नाव. पूर्वेला दारूखाना, वखारी नि गोदी. पश्चिमेला घोडपदेव, काळाचौकी आणि पुढे लालबाग-परळचा गिरणगाव. त्या गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. पण ते वाजत होते तेव्हा कोकणातला नि घाटावरचा गडी बायकामुले गावी ठेवून इथे राही. एका खोलीत दहा-पंधरा माणसे, पाळीपाळीने निजायची. तिथे चूल कोण पेटवणार?

मग जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे बरे का! चाळीतलीच एखादी बाई घरच्या चुलीवर आणखी दहा-वीस माणसांचे रांधी. घाटावरच्याला भाकरी नि झणझणीत कालवण, कोकण्याला भात नि माशाची आमटी. पैसे पगाराला. पगार लांबला तर हिशेबही लांबे.

ही उधारी चाले कशावर? कागद नाही, तारण नाही. गड्याचे गाव कोणते, घरी कोण आजारी आहे, हे बाईला ठाऊक असे. आणि तिचे पैसे बुडवले तर चाळीत नि गावाकडेही तोंड दाखवता येणार नाही, हे गडी जाणून असे. संपाच्या दिवसांत पगार बंद. तरी ताट वाढले जाई.

त्याचा भार मात्र बाईवर पडे. वाण्याची उधारी, सावकाराचे जबर व्याज, कधी अंगावरचा डाग गहाण. हे ओळखून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९८२ चा संप लांबला, पुष्कळ माणसे गावी गेली ती परतलीच नाहीत. खानावळींचा तो आधार तुटला.

या खानावळींचे निव्वळ गोडवे गाऊ नयेत. पुष्कळ ठिकाणी पंगत गावाची नि जातीची असे. एकाला आपलेपण, तर दुसऱ्याला दार बंद. हेही खरेच.

आता गुरुजींना एक विचारतो. शाळेच्या पोषण आहारात भाजीपाला नि इंधन यांसाठी पैसे मिळतात. ती भाजी तालुक्याच्या बाजारातून येते की गावातल्याच एखाद्या बाईच्या परसातून? बाजारात चार आणे स्वस्त पडेलही. पण गावात घेतलेल्या मेथीच्या जुडीचा पैसा गावातच फिरतो. ती बाई आपलेच पोर जेवणार म्हणून पाला निवडून देते, आणि एरवी शाळेची पायरी न चढणारी माणसे त्या निमित्ताने शाळेत येऊ लागतात. भाजी घेताना मात्र सगळ्या आळ्यांतून घ्यावी. एकाच आळीतून नको.

आणि अनुदान उशिरा आले म्हणून तिला थांबवून ठेवू नका. घोडपदेवच्या बाईला डाग गहाण ठेवावा लागला, तो अशाच थांबलेल्या पैशांपायी. वहीत तारीख घाला, रक्कम लिहा, आणि पैसे हाती येताच पहिले तिचे द्या, वाण्याचे मागून.