कोयनेच्या काठी आपले स्वागत



राज्यभरातले भूगोलाचे प्राध्यापक, शिक्षक आणि विद्यार्थी असे आपण सारे या परिषदेसाठी कृष्णा-कोयनेच्या संगमावर जमलात, याचा आम्हां कराडकरांना मनापासून आनंद आहे.

ही कोयना वरच्या अंगाला शिवसागर जलाशयात अडवली आहे. तिथे पाणी साठू लागल्यावर काही वर्षांतच, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, सुमारे 6.3 रिश्टरचा भूकंप झाला. कोयनानगर मोडून पडले, पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ती पहाट अजून आठवते. त्यांचा एकच प्रश्न असतो : हे धरणामुळे झाले का?

तुम्ही त्याचे उत्तर जाणता. सुमारे सव्वा किलोमीटर जाडीच्या काळ्या कातळाखाली ग्रॅनाइटचा जुना पाया आहे, त्यातल्या भ्रंशांवर आधीच ताण साठलेला होता. भेगांमध्ये पोचलेल्या पाण्याच्या दाबाने तो सुटायला निमित्त मिळाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतरच्या महिन्यांत धक्के वाढतात, हेही नोंदलेले आहे. याच्याच शोधासाठी कोयना भागातल्या गोठण्याला 3 किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले आणि भूकंपाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा कराडला आली. पण हे उत्तर त्या म्हाताऱ्यांपर्यंत मराठीत, समजेल असे, किती जणांनी नेले?

उत्तरे पोचवण्याइतकाच, प्रश्न कसे विचारतो याचाही विचार हवा. याच धरणाने उठवलेली गावे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीपर्यंत विखुरली. त्यांच्याकडे प्रश्नावल्या घेऊन अभ्यासक जात असतात, जायलाच हवे. मात्र ज्याची जमीन पाण्याखाली गेली आणि बदल्यातली अजून पुरती हाती आलेली नाही, त्याच्या दारात कुणी कागद घेऊन उभे राहिले, की त्याला वाटते, आता आपले काम होणार. तो सातबारा काढून दाखवतो, घरातली भांडणेही सांगतो. ‘मी सरकारी माणूस नाही, माझ्या अभ्यासाने तुमची जमीन मिळणार नाही’ हे आधी न सांगता घेतलेली माहिती फसवून घेतलेली आहे, असे मी मानतो. संमतीपत्राखाली सही असली तरी. आणि दहा उंबऱ्यांच्या वाडीत नाव गाळले तरी घर ओळखू येते, म्हणून नकाशावर ठिपका देतानाही विचार करावा लागतो. संशोधनाची नीती पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात ढकलली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून स्वागत समितीने आज दुपारचे सत्र धरणग्रस्त आणि भूकंपग्रस्त गावांतल्या मंडळींसाठी ठेवले आहे. ते पहिल्या रांगेत बसतील आणि विचारतील. आपण मराठीत उत्तरे द्यावीत. जे अजून कळलेले नाही, तेही तसेच सांगावे. पुढचा मोठा धक्का कधी, हे कुणालाच सांगता येत नाही, हेसुद्धा. आणि ही जागा प्रत्यक्ष पाहता यावी म्हणून उद्या सकाळी सहा वाजता कोयनानगरला जाणाऱ्या गाड्या सभागृहासमोरून सुटतील.