हमालाच्या नावाची बीअर



मी बीअरवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत हशा पिकला. हसा. पण मी दारूची तरफदारी करायला उभा नाही. दारूनं आपल्या वस्तीतली किती घरं बुडवली, ते तुम्हाला सांगायला नको. मी बोलणार आहे भांड्याबद्दल. त्यात बीअर कुणी ओतली आणि का, याबद्दल.

अठराव्या शतकात लंडनमध्ये एक काळी बीअर निघाली. नाव पोर्टर. पोर्टर म्हणजे हमाल. थेम्सच्या धक्क्यावर जहाजं खाली करणारे, गल्लीबोळांतून ओझी वाहणारे ती पीत, म्हणून हे नाव. मी गोदीत राबतो. राजांच्या, साहेबांच्या नावाच्या बाटल्या पाहिल्यात. हमालाच्या नावाची ही एकच मला ठाऊक आहे. तिच्याच कडक प्रकाराला पुढं स्टाउट म्हणू लागले.

सोबत खायला कालवं. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये कालवं म्हणजे गरिबाचं खाणं. पुढं ती कमी झाली, महागली, आणि तीच जोडी बड्या हॉटेलात जाऊन बसली.

आता बेल्जियमचं फ्लँडर्स बघा. तिथं बैलाचं खांद्याचं, पायाचं मांस घेतात. जे अंग जास्त राबतं त्याचं मांस चिवट, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ते चरबीत लाल करायचं, भरपूर कांदा सावकाश परतायचा, वर तपकिरी बीअर ओतायची. पावाच्या तुकड्याला वाटलेली मोहरी फासून वर ठेवायचा. तो विरघळतो, रस्सा दाट होतो. मंद आचेवर दोन-तीन तास. बीअर फार कडू नको, आटताना कडूपणा वाढतो. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हशीच्या मांसावर ती नाही, तेही असंच शिजतं.

आणि शिजवल्यावर दारू सगळी उडून जाते, ही थाप आहे. अर्ध्या तासानं साधारण ३५ टक्के उरते, अडीच तासांनीही ५ टक्के. दारू सोडलेल्या माणसाला न सांगता वाढू नका.

जोडी जमते का? चरबी जिभेवर थर धरते. बीअरचा फेस आणि कडूपणा तो थर धुऊन काढतात, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. भाजलेल्या धान्याची काळी चव मांसाच्या खरपूस कडेला भेटते. हे पांढऱ्या टेबलक्लॉथवर कळलेलं नाही. दमलेल्या जिभेला कळलंय.

पण नाव हमालाचं, नफा कुणाचा? १७ ऑक्टोबर १८१४ ला लंडनच्या सेंट जाइल्स या गरीब वस्तीला लागून असलेल्या कारखान्यात पोर्टरची अवाढव्य टाकी फुटली. लोंढा घराघरांत घुसला. आठ जीव गेले, सगळ्या बाया आणि पोरं. एका तळघरात मेलेल्या पोराजवळ रडत बसलेली माणसंही त्यात गेली. दोष कुणाचाच नाही, असं ठरलं. कारखान्याला सांडलेल्या बीअरचा कर परत मिळाला.

तेव्हा दोस्तहो, उद्या एखाद्या मेनूकार्डावर पोर्टरमध्ये शिजवलेलं मांस दिसलं, तर किंमत बघून मान खाली घालू नका. वेटरला विचारा, पोर्टर म्हणजे काय? त्याला माहीत नसेल, तर त्याला सांगा. तोही दिवसभर उभाच असतो.