वणवा आणि घरातली वडीलधारी माणसं

उत्तर कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी, एका डोंगरधारेवर पॅराडाइज नावाचं गाव आहे. २०१८ साली पाइनच्या झाडीत विखुरलेली त्याची वस्ती सुमारे २६ हजार होती. निवृत्तीनंतर परवडणारं घर मिळतं म्हणून आलेली मंडळी पुष्कळ, दर चौघांत एक जण पासष्टीच्या पुढचा. त्या वर्षी ८ नोव्हेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास, गावापासून काही मैलांवर, शंभरीला टेकलेल्या वीजवाहिनीवरचा झिजलेला आकडा तुटला. सुक्या गवतानं पेट घेतला, जोराच्या वाऱ्यानं आग पुढे रेटली आणि दीड-दोन तासांत ती गावात शिरली. ८५ माणसं दगावली. त्यांतली बहुतेक ज्येष्ठ नागरिक होती.

गाव गाफील होतं असं नाही. २००८ च्या वणव्यानंतर गावाचे विभाग पाडून बाहेर पडण्याचा आराखडा तयार झाला होता. पण धोक्याचा फोन जायचा तो मुख्यतः नाव नोंदवलेल्यांनाच. अनेकांना तो आलाच नाही. स्कायवे या मुख्य रस्त्यावर गाड्या तासन् तास अडकल्या. ज्यांना गाडी चालवता येत नव्हती किंवा अंथरुणातून उठायलाच मदत लागत होती, त्यांच्यासाठी कोण येणार, हे बऱ्याच घरांत ठरलेलं नव्हतं.

वणव्यात म्हाताऱ्या माणसाचा जीव अशा बारीकसारीक गोष्टींवर अडतो.

गॅरेजच्या दाराचंच बघा. २०१७ च्या ऑक्टोबरात उत्तर कॅलिफोर्नियातलाच सांता रोझा परिसर रात्री पेटला. वीज गेली, विजेवर चालणारी दारं उघडेनात आणि ती हातानं उचलण्याची ताकद वृद्धांच्या अंगात नव्हती. त्यातून मृत्यू झाले. पुढे कॅलिफोर्नियानं कायदा केला आणि जुलै २०१९ पासून नव्यानं बसवल्या जाणाऱ्या अशा दारांना बॅटरीची जोड सक्तीची झाली. जुन्या दारांचं काय? तिथे सुटकेची दोरी असते. ती ओढून दार उचलायचा सराव आजी-आजोबांकडून आधीच करून घ्यायला हवा.

तयारी अशीच करायची असते. एका पिशवीत औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, चष्म्याची जादा जोडी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आणि कागदपत्रांच्या प्रती. ऑक्सिजन यंत्र असेल तर वीज गेल्यावर ते कशावर चालणार, याचं उत्तर. पन्हळीतला पालापाचोळा काढलेला, भिंतीपासून पाच फुटांत पेटेल असं काही नाही. कारण उडते निखारे ज्वाळांच्या मैलभर पुढेही पोचतात आणि घरं बहुधा त्यांनीच पेटतात. शिवाय जवळ राहणारी दोन माणसं, जी दार वाजवतील आणि गाडीत बसवून नेतील. आणि एक नियम: ज्याला चालायला वेळ लागतो त्यानं सक्तीच्या आदेशाची वाट पाहू नये, पहिल्या इशाऱ्यालाच निघावं.

हे ऐकताना आपल्यातल्या काहींच्या डोळ्यांसमोर स्वतःचंच घर येईल. मुलाकडे, मुलीकडे सहा महिने कॅलिफोर्नियात जाऊन राहणारे आई-वडील मराठी घरांत कमी नाहीत, आणि त्यांचा मुक्काम पुष्कळदा उन्हाळा ते शरद, म्हणजे ऐन वणव्यांच्या दिवसांत असतो. मुलं कामावर, नातवंडं शाळेत, घरात दोघंच. गाडी चालवता येत नाही, शेजाऱ्यांची ओळख नाही. अशा आई-वडिलांचे फोन क्रमांक काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, इशारा यंत्रणेत नोंदवणं, शेजाऱ्यांशी गाठ घालून देणं आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकावर सांगायचा पत्ता इंग्रजीत लिहून भिंतीवर लावणं, हे मुलांनी पहिल्याच आठवड्यात करावं.

आग दूर असली तरी धूर येतोच. हृदयाचा किंवा दम्याचा विकार असलेल्यांनी खिडक्या बंद करून, हवा शुद्ध करणारं यंत्र लावलेल्या एका खोलीत राहावं. बाहेर जाणं भागच असेल तर एन-९५ मुखपट्टी लावावी. आणि आग विझल्यावर? घर गमावलेल्या वृद्धाला विम्याचे अर्ज, नवा डॉक्टर, नवी वस्ती हे सगळं एकदम अंगावर येतं. अर्ज भरायला शेजारी बसणारं माणूस त्याला पहिल्या दिवसापासून लागतं आणि त्यानंतरही कितीतरी महिने लागतं.