ठराव मांडायचा, तर असा मांडू

विषयपत्रिकेच्या शेवटी एक ठराव आहे: ‘मराठी शाळा वाचवा’. आपल्या मंडळाच्या अध्यक्षपदावरून तो मी मांडावा, अशी अपेक्षा आहे. आहे त्या शब्दांत मी तो मांडणार नाही.

वाचवायचं काय? आपल्या चेंबुरात पालिकेची शाळा आहे, अनुदानित मराठी शाळा आहे, विनाअनुदानित इंग्रजी आहे, सीबीएसई, आयसीएसई आहे. मूल यांतल्या कुठल्या बाकावर बसणार, हे बापाचा पगार ठरवतो. गोवंडी इथून एकच स्टेशन. पण तिथलं पोर आणि इथलं पोर दहावीपर्यंत एकमेकांना भेटत नाहीत. ही उतरंड जशीच्या तशी ठेवून तिच्या तळाची मराठी शाळा तेवढी वाचणार नाही. सगळी मांडणीच पायापासून नव्याने करावी लागेल.

पाया कोणता, हे आपल्याच माणसांनी सांगून ठेवलंय. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं. अभ्यासक्रमात मोडी-बाळबोधाबरोबर हिशेब, शेती आणि आरोग्यही मागितलं. रयतेच्या पैशावर वरच्यांचीच मुलं शिकतात, हे सरकारला तोंडावर सुनावलं. कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूरकडचे. त्या आयोगाने 1966 साली शेजारशाळा सुचवली: जात, धर्म, मिळकत न बघता परिसरातली सगळी मुलं एकाच शाळेत. ती आपण होऊ दिली नाही. आपण, म्हणजे या सभागृहात बसलेला वर्ग. मराठी शाळेतून आपली मुलं आधी आपणच काढली आणि मग पट घसरला म्हणून गळा काढला.

पुढेही तेच. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने शिक्षणहक्काचा नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला गरिबांच्या पंचवीस टक्के जागांतून सूट. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्यासाठी पालक कोर्टात गेले. तेव्हा आपल्यातल्या किती साहित्यसंस्थांनी साधं पत्रक काढलं?

आणि शाळा बदलता येत नाही, असं मला कुणी सांगू नये. गुरं राखणारी आदिवासी पोरं वर्गात येईनात, तेव्हा डहाणूकडच्या कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ शाळाच कुरणावर घेऊन गेल्या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकत्र आणली, म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगीही शिकू शकली. तशी मुलगी आज मानखुर्दच्या वस्तीत आहे. तिच्या शाळेला जोडून पाळणाघर का नाही? पालिकेच्या शाळेच्या फलकावर ‘पब्लिक स्कूल’ लिहून हा प्रश्न सुटत नाही.

म्हणून ठराव असा: चेंबूर ते मानखुर्द प्रत्येक परिसराला एकच सार्वजनिक शाळा, पहिली काही वर्षं मुलाच्या घरच्या भाषेत, आणि नगरसेवकाचं, अधिकाऱ्याचं, या मंडळाच्या पदाधिकाऱ्याचं मूल तिथेच. ज्यांना हे मान्य आहे, त्यांनी हात वर करावेत. ज्यांना नाही, त्यांनी इथे, माझ्यासमोर, कारण सांगावं.