फौजेतून सरकार पक्षाकडे



मावळातल्या वकिलांच्या आणि फौजींच्या अशा सभेत अध्यक्षाने सुरुवातीची दहा मिनिटं आभारात घालवायची असतात. ती मी वाचवतो, चहा वेळेवर मिळेल. लोणावळ्यात, 1945 पासून इथे उभ्या असलेल्या आयएनएस शिवाजीच्या शेजारी, वर्दी उतरवून काळा कोट चढवलेल्या माणसांविषयी बोलायला मिळतंय, हा मान मोठा आहे. मीही त्यांच्यातलाच.

फौज आणि न्याय यांची गाठ मावळाला नवी नाही. 1773 साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी त्यांचे काका राघोबादादा यांना दोषी ठरवलं, पण निवाडा अमलात आणणार कोण? दादा पुढे इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि त्यांनाच पुण्यात बसवायला कंपनीची फौज घाट चढून आपल्या याच मुलखात उतरली. जानेवारी 1779 मध्ये कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला इष्टुर फाकडा, पडला आणि वडगावला कंपनीने तह लिहून दिला. लढाईची कारणं आणखी दहा होती, इतिहासकारांनी माझ्यावर धावून येऊ नये. पण वकिलाच्या नजरेला त्यात अर्धवट राहिलेला एक खटलाच दिसतो.

आज मात्र मला एका परमुलखातल्या माणसाची गोष्ट सांगायची आहे. बेंजामिन फेरेंत्झ. जन्म 1920 चा, ट्रान्सिल्व्हेनियातला. तान्ह्या वयात आईबापांबरोबर न्यूयॉर्कला आला, गरिबीत वाढला, शिष्यवृत्तीवर हार्वर्डला कायदा शिकला. 1943 साली पदवी घेतली आणि भरती झाला तो विमानवेधी तोफखान्यात, साधा शिपाई म्हणून. नॉर्मंडीला उतरला. पुढे जनरल पॅटनच्या मुख्यालयाने त्याला युद्धगुन्ह्यांचे पुरावे गोळा करायला लावलं. बुखेनवाल्ड, माउटहाउझेन अशा छळछावण्या सुटल्या की हा तिथे जायचा. प्रेतांचे ढीग समोर असताना याने आधी काय शोधायचं, तर छावणीचं दप्तर. कैद्यांच्या याद्या, मृत्यूंच्या नोंदवह्या. त्या कुणी जाळून टाकायच्या आत हाती लागायला हव्या होत्या.

1945 च्या डिसेंबरात सार्जंट म्हणून तो फौजेतून सुटला आणि काही महिन्यांतच सरकार पक्षाच्या कामाला पुन्हा जर्मनीत आला. बर्लिनमध्ये त्याच्या पथकाला पूर्व आघाडीवरच्या नाझी हत्या-पथकांचे अहवाल सापडले. कोणत्या गावी किती माणसं मारली, हे मारणाऱ्यांनीच नेमाने वर कळवलेलं. फेरेंत्झ बेरजेचं यंत्र घेऊन बसला. आकडा दहा लाखांपुढे गेला तेव्हा त्याने बेरीज थांबवली. वरिष्ठ टेलफर्ड टेलर म्हणाले, या खटल्याला माणसं नाहीत. हा म्हणाला, मी चालवतो. वय 27, आणि आयुष्यातला पहिला खटला! न्यूरेंबर्गच्या त्या कोर्टात 22 आरोपी होते. त्याने साक्षीदारांची रांग लावली नाही. आरोपींचेच कागद पुढे ठेवले आणि दोन दिवसांत सरकार पक्षाचा पुरावा संपवला. एप्रिल 1948 मध्ये बावीसच्या बावीस दोषी ठरले. चौदांना फाशी सुनावली गेली, प्रत्यक्षात चौघेच फासावर गेले. फेरेंत्झने स्वतः फाशीची मागणी केलीच नव्हती.

फेरेंत्झचा खटला कागदांवर उभा होता. आपल्याकडे पंच फितूर झाला की सरकारी वकील कपाळाला हात लावतो, कारण कागदच धड नसतात. मुद्देमालाच्या पावतीवर तारीख नाही, सीलचा नमुना जोडलेला नाही, पंचनाम्यातली वेळ आणि स्टेशन डायरीतली वेळ यांचा मेळ नाही. अशा प्रकरणात युक्तिवाद करायला उरतो कुठे? फौजी माणसाचा उपयोग इथे होतो. ज्याने कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, एकेक रायफल नंबर लावून घेतली आणि सही करून परत केली, त्याला कागदाची किंमत शिकवावी लागत नाही.

पण फौजेची एक सवय बाहेर ठेवूनच कोर्टाची पायरी चढावी लागते. पिंजऱ्यातला माणूस हा शत्रू नव्हे. गंमत म्हणजे हेही फौजेनेच लिहून ठेवलंय. 1954 च्या लष्करी नियमांप्रमाणे कोर्ट मार्शलमधल्या अभियोक्त्याने निःपक्षपाती राहायचं, घडलेली सगळी हकिकत कोर्टापुढे आणायची आणि आरोपीच्या बाजूचा पुरावा दडपायचा नाही. नागरी न्यायालयातल्या सरकारी वकिलाकडूनही उच्च न्यायालयं हेच मागत आली आहेत.

मी सरकारी वकिलीत नवा असताना मारहाणीच्या एका प्रकरणात केस डायरी चाळत होतो. एक जबाब दोषारोपपत्राला जोडलेलाच नव्हता. शेजारणीचा होता, आणि आरोपी त्या वेळी गोठ्यात होता असं ती सांगत होती. मी तो कोर्टापुढे ठेवला. तपास अधिकारी बाहेर व्हरांड्यात गाठून म्हणाले, "साहेब, तुम्ही वकील नक्की कुणाचे?" मी म्हटलं, "सरकारचा. पोलिसांचा नाही." दोन महिने त्यांनी माझ्याशी नमस्कारसुद्धा केला नाही.

आता व्यवहाराचं. पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून चाळिशीच्या आत पेन्शनीत आलेला जवान किंवा नौसैनिक गावी परततो आणि बहुतेक वेळा कारखान्याच्या गेटवर पहारा करताना दिसतो. त्यांच्यातल्या पदवीधरांना तीन वर्षांत एलएलबी करता येते. सत्र न्यायालयात सरकारी अभियोक्ता व्हायचं तर किमान 7 वर्षांची वकिली लागते. म्हणजे वाट लांब आहे आणि पहिली काही वर्षं घर पेन्शनवरच चालतं. ती सोपी आहे असं मी सांगणार नाही. सीनिअर मिळणं सर्वांत अवघड. चाळिशीतला ज्युनिअर कुणाला हवा असतो? "चहा सांग" म्हणायला संकोच वाटतो, असं एका सीनिअरने मला तोंडावर ऐकवलं होतं.

फेरेंत्झ 2023 साली 103 वर्षांचा होऊन वारला. त्याआधी, 2011 मध्ये, हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या पहिल्याच खटल्यात सरकार पक्षाच्या समारोपाला तो उभा राहिला होता, वयाच्या 91 व्या वर्षी. भारताने त्या न्यायालयाचं सदस्यत्व घेतलेलं नाही. त्यावर दुपारच्या सत्रात वाद होईल, आणि व्हायलाच हवा.

तूर्त ठराव एवढाच आहे: मावळातल्या प्रत्येक ज्येष्ठ फौजदारी वकिलाने दरवर्षी एका माजी सैनिकाला ज्युनिअर म्हणून घ्यावं. सूचक उभे आहेत. अनुमोदन कोण देतंय?