परदेशी वेतनातील कपात आणि विद्यार्थ्याचा निवासी दर्जा



पुणे हे विद्येचे माहेरघर. आणि विद्येसाठी समुद्र ओलांडण्याची परंपराही येथे जुनी आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी संपादन केली व पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ होती. पुण्यातून व आसपासच्या तालुक्यांतून जाणाऱ्या अनेकांच्या मागे बँकेचे कर्ज अथवा तारण ठेवलेली जमीन असते. अशा घराला वेतनातून चुकून कापली गेलेली रक्कमही क्षुल्लक नसते.

अमेरिकेत नोकरदाराच्या वेतनातून सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के व मेडिकेअर या आरोग्यविम्यासाठी १.४५ टक्के, म्हणजे एकूण ७.६५ टक्के रक्कम कापली जाते. तेवढीच रक्कम मालकही भरतो. परंतु 'एफ-१' व्हिसावरील विद्यार्थी करकायद्याने अनिवासी असेतोवर, पदवीनंतरच्या परवानगीप्राप्त प्रशिक्षणकाळातही, त्याला ही कपात लागू नाही. दरमहा ५,००० डॉलर वेतन असल्यास वर्षाला ४,५९० डॉलर वाचतात.

मग ही कपात होते तरी का? वेतन विभाग नव्या कर्मचाऱ्याची नोंद इतरांप्रमाणेच करतो आणि विद्यार्थ्यालाही आपला दर्जा ठाऊक नसतो. व्हिसा आणि करविषयक निवास या दोन भिन्न बाबी आहेत. विद्यार्थ्याची पहिली पाच कॅलेंडर वर्षे निवासाच्या दिवसांत मोजली जात नाहीत. मात्र वर्षाचा एक दिवसही पूर्ण वर्ष धरला जातो. डिसेंबर २०२१ मध्ये पोहोचलेल्याची सवलत २०२५ अखेर संपते. त्यानंतर एका वर्षात १८३ दिवस वास्तव्य घडल्यास तो सामान्यतः निवासी ठरतो व कपात योग्य होते. 'एच-१बी' व्हिसा लागू झाल्यावरही सवलत उरत नाही.

चुकीची कपात आढळल्यास प्रथम मालकाकडे लेखी मागणी करावी. परताव्यात मालकाचाही वाटा परत मिळत असल्याने ही मागणी त्याच्याही हिताची असते. मालकाने नकार दिल्यास अमेरिकेच्या महसूल खात्याकडे नमुना ८४३ व ८३१६ भरून, वेतनाचे वार्षिक प्रमाणपत्र, पारपत्र व व्हिसाच्या प्रती जोडून अर्ज करता येतो. मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते. २०२३ मधील कपातीसाठी ती १५ एप्रिल २०२७ पर्यंत आहे. मायदेशी परतल्यानेही हा हक्क संपत नाही.

रीतसर झालेली कपात मात्र परत मागता येत नाही. भारताचा जर्मनीशी सामाजिक सुरक्षेचा व्यापक करार १ मे २०१७ पासून अमलात आला. अमेरिकेशी असा करार झालेला नाही. त्यामुळे तेथील निवृत्तिवेतनासाठी लागणारी सुमारे दहा वर्षांची नोकरी पूर्ण न करता परतणाऱ्याने भरलेली रक्कम बहुधा तेथेच राहते.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही माहिती विद्यार्थी निघण्यापूर्वीच त्याच्या पालकांपर्यंत पोहोचवावी. पहिली वेतनचिठ्ठी नीट वाचण्याची व प्रत्येक कागद जपून ठेवण्याची सवय त्याला लागली, तर कर्जाचे काही हप्ते त्यातूनच फिटू शकतील.