गडी आणि मालक

मराठीतला 'गडी' हा शब्द मोठा गमतीचा आहे. कबड्डीच्या मैदानात गडी म्हणजे खेळाडू आणि वाड्यावर गडी म्हणजे नोकर. सायकल शर्यतीत हे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या अंगावर येतात. 'टूर द फ्रान्स' ही शर्यत तीन आठवडे चालते, आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांचे घाट चढते. बघणाऱ्याला वाटतं, प्रत्येक जण स्वतःसाठी पळतो आहे. तसं नसतं. पूर्वी एका संघात नऊ जण असत, २०१८पासून आठ असतात. त्यातला एक नायक. बाकीच्यांनी त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, मागच्या मोटारीपर्यंत जाऊन त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणायच्या, वेळ पडली तर आपलं चाक काढून त्याला द्यायचं. फ्रेंचमध्ये या सोबत्यांना जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ घरगडी. आणि साऱ्या शर्यतीवर ज्याचा हुकूम चालतो, त्याला म्हणतात 'पात्रोन', म्हणजे मालक.

लान्स आर्मस्ट्राँग हा असा मालक होता. मी स्वतः बाजारात जायच्या सायकलीपलीकडे काही चालवलेलं नाही, तरी या माणसाविषयी मी बरंच वाचत आलो आहे. कारण मला त्याच्या पायांपेक्षा त्याच्या जिभेचं कुतूहल आहे.

हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे. टेक्सासचा हा मुलगा १९९३मध्ये जागतिक विजेता झाला. १९९६मध्ये त्याला वृषणाचा कर्करोग झाला आणि तो फुप्फुसांत, मेंदूत पसरलेला निघाला. त्यातून उठून त्याने १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षं टूर जिंकली. ऑक्टोबर २०१२मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने हजारावर पानांचा पुरावा मांडला. २६ साक्षीदार होते. त्यांत अकरा त्याचे जुने सोबती. सातही विजेतेपदं गेली.

या माणसात गुण नव्हते असं मी म्हणणार नाही. शर्यतीआधी काही महिने तो तिथले घाट स्वतः चढून बघून यायचा. जेवण तोलून खायचा. आणि नट तर पट्टीचा! जुलै २००१मध्ये आल्प द्युएझच्या टप्प्यावर दिवसभर थकल्याचं सोंग करून तो मागे रेंगाळला. प्रतिस्पर्धी यान उलरिशच्या संघाने त्या भरवशावर जोर लावून आपली ताकद घालवली. शेवटच्या घाटात हा पुढे आला, मागे वळून उलरिशकडे एकदा बघितलं आणि निघून गेला. तोच उलरिश त्या शर्यतीत पुढे एका उतारावर रस्ता सोडून खाली कोसळला, तेव्हा आर्मस्ट्राँग त्याच्यासाठी थांबला. बरोबरीच्या माणसाशी तो दिलदार होता. मालकाची पारख मात्र तो गड्यांशी कसा वागतो त्यावरून करावी.

क्रिस्तियान वँड व्हेल्ड हा त्याच्या संघातला एक गडी. २००२मध्ये स्पेनमधल्या जिरोना गावी आर्मस्ट्राँगने त्याला घरी बोलावलं. तिथे मिकेले फेरारी नावाचा इटालियन डॉक्टर हजर होता. संघात राहायचं असेल तर हे डॉक्टर सांगतील तसं घ्यायचं, असं त्याला बजावण्यात आलं. ही त्याचीच शपथेवरची साक्ष आहे. सक्तीचा शब्द कुठे आला नसेल; पण ज्याची रोजी दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याला सक्ती वेगळी उच्चारून दाखवावी लागत नाही.

पराया संघातले गडीही त्याच्या धाकातून सुटत नसत. क्रिस्तोफ बासाँ हा फ्रेंच सायकलपटू उत्तेजकं घेत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. १९९९च्या टूरमध्ये तो वर्तमानपत्रात या प्रकाराविषयी लिहीत होता. धावत्या शर्यतीत आर्मस्ट्राँग त्याच्या शेजारी आला आणि असं बोलायचं असेल तर घरी जा, म्हणून सांगून गेला. कोणी बासाँशी बोलेनासं झालं. शर्यत अर्धवट टाकून तो खरोखरच घरी गेला.

फिलिप्पो सिमेओनीची गोष्ट तर डोळ्यांसमोर घडली. या इटालियनाने कोर्टात फेरारीविरुद्ध साक्ष दिली होती. २३ जुलै २००४, टूरचा अठरावा टप्पा. आघाडीवर निसटलेल्या सहा जणांना गाठायला सिमेओनी निघाला. पिवळ्या जर्सीला त्याच्यापासून तिळमात्र धोका नव्हता. तरी ती घातलेला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे धावला. पुढच्या सहांनी विनवलं, तू इथे असलास तर आमची आघाडी टिकणार नाही, परत जा. तो म्हणाला, सिमेओनी मागे फिरला तर मीही फिरतो. बिचारा सिमेओनी इतरांच्या भाकरीसाठी मागे फिरला. घोळक्यात आल्यावर आर्मस्ट्राँगने कॅमेऱ्याकडे बघून ओठांवरून बोट फिरवलं, चेन लावतात तसं. शेवटच्या दिवशी सिमेओनीने पुन्हा पुन्हा पुढे मुसंडी मारली आणि मालकाची माणसं पुन्हा पुन्हा त्याला ओढून आणत राहिली.

तेव्हा सगळेच घेत होते, असं म्हणणारे भेटतात. त्यात तथ्य आहे. त्या सात वर्षांत पहिल्या तिघांत आलेल्या एकवीस जागांपैकी वीस जागा संशयाने डागाळल्या आहेत, असं तो अहवालच सांगतो. पण न घेणारा बासाँ होता ना! त्याला घरी कोणी पाठवलं?

आणि या सगळ्यावर पांघरूण होतं ते आजाराचं. २००५मध्ये पॅरिसच्या विजयमंचावरून, चमत्कारांवर ज्यांचा विश्वास नाही त्यांची मला कीव येते, असं तो म्हणाला. कर्करोगाला हरवलेल्या माणसाला खोटारडा कोण म्हणणार? त्याच्या संस्थेचे एक डॉलरचे पिवळे रबरी पट्टे कोट्यवधींनी खपले. माझ्या भाच्याने तसा एक परदेशातून आपासाठी आणला होता. तिची केमोथेरपी चालू होती. केस गेलेले, मनगट इतकं बारीक की पट्टा कोपरापर्यंत घसरायचा. २०१३च्या जानेवारीत आर्मस्ट्राँगने दूरचित्रवाणीवर कबुली दिली, तेव्हाही तो पट्टा तिच्या हातात होता. भाचा म्हणाला, "अम्मी, आता तरी काढ तो." आपा म्हणाली, "का रे? इंजेक्शनं मी घेतली, ती खरीच होती." मी गप्प बसलो. त्या पट्ट्यांच्या पैशातून रुग्णांना आधार मिळाला हे खरं, आणि त्याच पट्ट्याने बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली हेही खरं. ही दोन खरी वेगळी कशी करायची, ते मला अजून जमलेलं नाही.

एमा ओरायली ही त्याच्या संघातली मालिश आणि देखभाल करणारी आयरिश तरुणी. १९९९मध्ये तपासणीत एक औषध सापडलं, तेव्हा मागची तारीख घालून डॉक्टरची चिठ्ठी कशी तयार झाली, हे तिने २००४मध्ये जाहीर केलं. त्याने तिच्यावर दावा लावला, तिच्या चारित्र्यावर आणि दारूवर बोलला. पुढे ओप्रा विन्फ्रेने मुलाखतीत विचारलं, तिच्यावर दावा केला होतास का? तर त्याला आठवेना. इतक्या लोकांवर दावे लावले होते, म्हणाला.

२०१३च्या नोव्हेंबरात फ्लोरिडातल्या एका हॉटेलात दोघांची भेट घडवून आणली गेली. त्याने तिची माफी मागितली. तिने त्याला आधीच माफ केलं होतं.